टोकनाचा सातबारा

दारव्हा तालुक्यात कोणी दोन एकर वावर विकत घ्यायचे ठरवले, तर तो आधी काय करतो? माती पाहतो, विहिरीचे पाणी पाहतो, वाट कोणाच्या बांधावरून जाते ते विचारतो. पण इसार देण्यापूर्वी तो सातबारा काढतो. विकणारा कितीही गोड बोलला तरी नाव कोणाचे, क्षेत्र किती, आणि मुख्य म्हणजे ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे काय, हे पाहिल्याशिवाय शहाणा माणूस पैसा मोजत नाही. शंका आली तर फेरफाराची नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा, तीही उघडून पाहतो.

आणि श्रोतेहो, मौज अशी की हाच माणूस कापसाचा चुकारा खात्यात जमा झाला की मोबाइलवर आलेल्या एका निरोपावर भरवसा ठेवतो आणि कुठल्याशा ‘टोकना’त पन्नास हजार रुपये घालून मोकळा होतो. तिथे तो काहीच पाहत नाही. का? तर त्याला वाटते, या आभासी नाण्याला कुठला आला सातबारा! सातबारा आहे. तो जमिनीच्या सातबाऱ्याइतकाच उघडा आहे, फुकट पाहता येतो, आणि त्यातही ‘इतर हक्क’ असतात. तो कसा वाचायचा आणि वाचूनही काय कळत नाही, एवढेच आज आपल्याला पाहायचे आहे.

प्रथम वही म्हणजे काय ते समजून घेऊ. बिटकॉइन या पहिल्या नाण्याची वही ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झाली. या वहीत अमक्या पत्त्यावरून तमक्या पत्त्यावर इतकी नाणी गेली, अशा नोंदी एकापुढे एक लिहिल्या जातात. नोंदींचा एक गठ्ठा झाला की तो मागच्या गठ्ठ्याला गणिताने असा बांधतात की मागचा एक आकडा खोडला तर पुढची सारी साखळी विस्कटते. म्हणूनच हिला ब्लॉकचेन म्हणतात. वहीच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर असतात. कोण्या एका तलाठ्याच्या कपाटात ती नसते, आणि म्हणून कोण्या एकाला ती गुपचूप बदलता येत नाही.

हे सारे मुंबई-पुण्याचे खूळ आहे असे समजू नका. आपल्याच विदर्भात, गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीच्या उपविभागीय कार्यालयाने २०२२ साली सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रांच्या खुणा पॉलिगॉन नावाच्या अशाच एका सार्वजनिक वहीवर नोंदवण्याचे काम हाती घेतले. हेतू हा की कोणी खोटा दाखला आणला तर तो वहीशी ताडून पाहता यावा. वहीचा हा उपयोग सरळ आहे. भानगड सुरू होते ती टोकनांपासून.

३० जुलै २०१५ रोजी इथेरियम नावाची दुसरी वही सुरू झाली. तिच्यात नुसती देवघेव नव्हे, तर कोणालाही आपला एक छोटा करारनामा संगणकाच्या भाषेत लिहून ठेवता येतो. त्या करारनाम्याने स्वतःचे नाणे काढता येते. त्यालाच टोकन म्हणतात. पुढे अशा इतरही वह्या निघाल्या. टोकन काढायला परवाना लागत नाही, कचेरी लागत नाही, आणि फार खर्चही येत नाही. तुम्ही मनात आणले तर आज दुपारी ‘दारव्हा कॉइन’ निघू शकते, आणि त्याची शंभर कोटी नाणीही आजच तयार होऊ शकतात. टोकन निघाले, याला तेव्हा काडीचे महत्त्व नाही. शाळेतल्या पोरांनी बाभळीच्या शेंगांचे पैसे करून दुकान मांडावे, तितकेच ते सोपे आहे.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: वही आहे का, आणि ती मला दाखवता का?

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याने फार मोठे सोंग उघडे पडले असते. वनकॉइन नावाची योजना २०१४ साली बल्गेरियातून निघाली आणि जगभर पसरली. आपल्याकडेही तिच्या सभा भरत. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी अशाच एका सभेवर जाऊन प्रचारकांना अटक केली. पुढे अमेरिकेतील खटल्यात जे बाहेर आले ते ऐकण्यासारखे आहे. या नाण्याला कोणालाही वाचता येईल अशी खरी वहीच नव्हती. भाव कंपनी आपल्या मनाने ठरवी आणि पडद्यावर आकडा दाखवी. जगभरच्या लोकांचे चारशे कोटी डॉलरांहून अधिक पैसे त्यात गेले. योजनेची मुख्य बाई रुजा इग्नातोवा ऑक्टोबर २०१७ पासून बेपत्ता आहे, आणि तिच्या साथीदाराला सप्टेंबर २०२३ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. ‘वहीतला पत्ता द्या, मी स्वतः पाहतो’ असे एखाद्या गुरुजींनी भर सभेत म्हटले असते, तर प्रचारकाजवळ उत्तर नव्हते.

दुसरे प्रकरण पुण्यातही गाजले. गेनबिटकॉइन ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली. बिटकॉइन आमच्याकडे द्या, अठरा महिने दरमहा दहा टक्के परतावा घ्या, असे आमिष होते. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या म्हणण्याप्रमाणे आधी परतावा बिटकॉइनमध्ये मिळे. नव्या लोकांचे येणे कमी झाले तसे २०१७ च्या सुमारास त्याऐवजी एमकॅप नावाचे घरचेच टोकन लोकांच्या हाती देण्यात आले, आणि त्याची किंमत फारच कमी होती. मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या तक्रारी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवल्या.

यात बदल कुठे झाला ते ध्यानात घ्या. सोने देऊन घेतलेल्या कर्जाची फेड कोणी आपल्याच सहीच्या चिठ्ठ्यांनी करू लागला, तर त्या दिवशी सावकाराने काय विचारावे? चिठ्ठ्या एकूण किती छापल्यास, त्या कोणाजवळ आहेत, आणि तुझ्याशिवाय त्या घेतो कोण? टोकनाच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वहीत असतात.

आता वही उघडू. इथेरियमची वही वाचण्यासाठी इथरस्कॅन नावाचे संकेतस्थळ आहे, इतर वह्यांचीही अशीच आहेत. पाहायला पैसे लागत नाहीत, नाव सांगावे लागत नाही. मात्र टोकनाच्या नावावरून शोध घेऊ नका. एकाच नावाची कितीतरी टोकने असू शकतात, जशी एका गावात एकाच नावाची चार माणसे असतात. आपण गट क्रमांक विचारतो ना, तसा इथे करारनाम्याचा पत्ता विचारायचा. प्रारंभी शून्य व एक्स, आणि पुढे अंक व अक्षरे मिळून चाळीस खुणा, असा तो असतो. निरोप पाठवणारा हा पत्ता द्यायला टाळाटाळ करत असेल, तर पुढे काही पाहायचे कारणच उरत नाही.

पत्ता घातला की करारनामा कधी लिहिला गेला आणि कोणत्या पत्त्यावरून, हे दिसते. त्याचा मजकूर उघड केलेला आहे की झाकलेला, हेही दिसते. मजकूर झाकलेला असेल तर तो कोऱ्या कागदावरचा अंगठा समजावा. उघड असेल तर मग येतो आपला ‘इतर हक्का’चा रकाना, आणि इथे जरा थांबावे लागेल. पुष्कळसे नुकसान इथेच दडलेले असते.

करारनामा लिहिणारा स्वतःकडे काही हक्क राखून ठेवू शकतो. वाटेल तेव्हा नवी टोकने पाडण्याचा हक्क. एखाद्या पत्त्याचा व्यवहार गोठवण्याचा हक्क. प्रत्येक विक्रीवर कपात घेण्याचा, आणि ती कपात पाच टक्क्यांवरून नव्याण्णव टक्क्यांवर नेण्याचा हक्क. काही ठिकाणी तर सारा करारनामाच मागून बदलण्याचा हक्क. असा हक्क आहे म्हणजे लबाडीच आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. टेथर हे डॉलरशी बांधलेले मोठे टोकन आहे. त्याच्या कंपनीकडेही पत्ते गोठवण्याचा हक्क आहे, आणि पोलिसांच्या सांगण्यावरून तिने तो वापरलेलाही आहे. जमिनीवर बँकेचा बोजा असला म्हणजे जमीन खोटी ठरत नाही. पण बोजा आहे हे घेणाऱ्याला ठाऊक हवे, आणि तो कोणाचा, हेही.

ठाऊक नसले म्हणजे काय होते ते २०२१ सालच्या स्क्विड टोकनाने दाखवले. एक परदेशी मालिका तेव्हा गाजत होती, तिच्या नावावर कोणीतरी हे टोकन काढले. मालिका काढणाऱ्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. एक सेंटापासून निघालेला भाव काही दिवसांत २,८६१ डॉलरपर्यंत चढला. मोठमोठ्या वृत्तसंस्थांनी बातमी दिली. पण लोकांना ते विकत घेता येई आणि विकता येत नसे. विक्रीसाठी दुसरेच एक टोकन जवळ असावे लागे, अशी अट होती. १ नोव्हेंबर २०२१ रोजी काढणाऱ्यांनी सुमारे ३३ लाख डॉलर काढून घेतले आणि भाव शून्याला टेकला. बैल विकत घ्यावा आणि दावणीचा खुंटा विकणाऱ्याच्याच अंगणात असावा, तसा हा प्रकार झाला. भाव चढत होता याचे कारणही आता तुमच्या ध्यानात आले असेल: विकूच दिले नाही तर भाव उतरणार कसा?

तेव्हा नोंदी पाहताना केवळ खरेदी किती झाली हे न पाहता विक्री किती झाली, आणि ती वेगवेगळ्या पत्त्यांवरून झाली काय, हे पाहावे. काही संकेतस्थळे लटकी विक्री करून दाखवतात, म्हणजे खरा पैसा न घालता टोकन आत्ता विकता येते का ते तपासतात. ही चाचणी उपयोगी आहे. पण ती आत्ताची असते. कपात वाढवण्याचा हक्क मालकाजवळ असेल तर उद्याचे काय?

यानंतर पाहायचे ते धारकांचे पान. कोणत्या पत्त्यावर एकूण टोकनांपैकी किती टक्के आहेत, ते तिथे उतरत्या क्रमाने मांडलेले असते. शिबा नावाच्या टोकनाच्या काढणाऱ्यांनी २०२० साली एकूण साठ्याचा निम्मा भाग इथेरियमच्या एका निर्मात्याच्या, व्हिटालिक ब्युटेरिनच्या, पत्त्यावर न विचारताच पाठवून दिला. मे २०२१ मध्ये आपल्या देशात कोरोनाची लाट होती तेव्हा ब्युटेरिनने त्यातली सुमारे पन्नास लाख कोटी टोकने भारतातील मदतनिधीला दिली. कागदावर त्यांची किंमत शंभर कोटी डॉलरच्या आसपास होती. देणगीची नोंद वहीत दिसताच त्याच दिवशी भाव तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पडला. निधीने ती टोकने सावकाश विकली, तरी कागदावरची रक्कम काही पुरी हाती आली नाही. हा माणूस भला होता. एका पत्त्यावर निम्मे पीक असले आणि तो भला नसला तर?

कागदावरची किंमत आणि हाती येणारा पैसा यांतले अंतर कुठून येते, ते गणिताने पाहू. शिक्षक बंधुभगिनींनी हे उदाहरण फळ्यावर मांडून पाहावे, आठवीच्या मुलाला ते सुटते. नव्या टोकनांची खरेदी-विक्री बहुधा एका हौदातून होते, ज्याला लिक्विडिटी पूल म्हणतात. समजा हौदात एका बाजूला दहा लाख टोकने आहेत आणि दुसऱ्या बाजूला दहा लाख रुपयांचे चालू नाणे. भाव झाला एका टोकनाला एक रुपया. हौदाचा नियम असा की दोन्ही बाजूंचा गुणाकार कायम राहिला पाहिजे. आता कोणी दहा लाख टोकने विकायला आणली. हौदात टोकने झाली वीस लाख. गुणाकार तोच ठेवायचा तर रुपये उरले पाहिजेत पाच लाख. म्हणजे विकणाऱ्याला दहा लाखांऐवजी पाचच लाख मिळाले, आणि भाव रुपयावरून पंचवीस पैशांवर आला.

याच टोकनाची एकूण संख्या शंभर कोटी आहे असे धरा. जाहिरातीत लिहिलेले असते, ‘बाजारमूल्य शंभर कोटी रुपये’. खोटे नाही, शंभर कोटी गुणिले एक रुपया. पण हौदात आहेत अवघे दहा लाख! काढणाऱ्याने स्वतःजवळची चाळीस कोटी टोकने एका दमात हौदात ओतली तर त्याला सुमारे ९ लाख ९७ हजार रुपये मिळतील, आणि बाकी साऱ्यांसाठी हौदात अडीच हजार रुपये राहतील. म्हणून टोकन पाहताना बाजारमूल्याचा आकडा बाजूला ठेवून हौदाची खोली पाहावी. आणि किल्ली पाहावी. हौदात ज्याने माल घातला त्याला पावती मिळते, आणि त्या पावतीवर तो आपला माल केव्हाही काढून नेऊ शकतो. पावती मुदतीसाठी कुलूपबंद केलेली असेल तर तशी नोंद वहीत सापडते. मुदत मात्र डोळ्यांनी वाचावी. तीस दिवसांच्या कुलपालाही लोक ‘कुलूपबंद’च म्हणतात.

हे सारे एकेका टोकनासाठी पाहायचे तर वेळ लागतो, म्हणून अलीकडे चाळण्या निघाल्या आहेत. संकेतस्थळावर आपण अटी घालायच्या: वय इतक्या दिवसांहून जास्त, हौद इतक्या रकमेहून खोल, पहिल्या दहा धारकांकडे इतक्या टक्क्यांहून कमी, दिवसभरात इतकी तरी खरेदी-विक्री. हजारोंतून पाच-पन्नास वर उरतात. कापूस निगमच्या खरेदी केंद्रावर कापसाचा ओलावा आठ ते बारा टक्क्यांच्या आत पाहतात, तसेच हे. यंत्र लावले, आकडा आला, गाडी आत किंवा बाहेर. चाळणी वापरावी, यात वाद नाही.

पण कापसावर पाणी मारणाराही ते यंत्र ओळखून असतो. टोकन काढणारालाही या चाळण्या पाठ असतात. वहीत माणसाचे नाव नसते, फक्त पत्ता असतो, आणि एक माणूस हजार पत्ते काढू शकतो. मग पहिल्या दहा धारकांकडे टोकने थोडी दिसतात, कारण ती त्याच्याच दोनशे पत्त्यांवर पसरलेली असतात. उलाढाल भरपूर दिसते, कारण या खिशातले त्या खिशात चाललेले असते. लिलावात आपलाच माणूस उभा करून बोली चढवण्याची ही जुनीच रीत आहे. यावर उपाय एवढाच की त्या दोनशे पत्त्यांना पहिला पैसा कुठून आला, ते मागे मागे जाऊन पाहावे. सगळ्या पाटांचे पाणी एकाच विहिरीतून येत असेल तर विहीर एकाची आहे. धारकांची संख्या हा तर मला सर्वांत दुबळा आकडा वाटतो. फुकट वाटले तर लाखभर पत्त्यांवर टोकन पोचते.

आणि सगळ्या चाळण्यांतून पार झालेलेही बुडते. लूना हे टोकन नवखे नव्हते. मोठ्या बाजारांत त्याची नोंद होती, लाखो धारक होते. मे २०२२ च्या आरंभी एका लूनाला ८० डॉलरच्या आसपास भाव होता. त्याच्या जोडीला डॉलरशी बांधलेले एक टोकन होते, आणि ते घसरले की त्याच्या बदल्यात नवी लूना पाडायची असा नियम होता. घसरण सुरू झाली आणि काही दिवसांत लूनांची संख्या सुमारे ३५ कोटींवरून साडेसहा लाख कोटींवर गेली. वही एकेक नोंद प्रामाणिकपणे दाखवत होती. नियमही आधीपासून उघड होता. पण तो नियम ताणाखाली कसा वागेल, हे कोणत्याही चाळणीत बसत नव्हते.

आणखी एक. टोकन बाजार चालवणाऱ्या कंपनीकडेच ठेवले तर वहीत पत्ता कंपनीचा असतो, तुमचा नसतो. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. ती कोणत्या पत्त्यावर गेली हे साऱ्या जगाने पाहिले, पण पाहिल्याने ती परत आली नाहीत.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. अशा नाण्यांच्या व्यवहाराला आपल्याकडे बंदी नाही. पण १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि एका टोकनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. दहा टोकनांत थोडे थोडे घालून बघू, एखादे तर लागेल, हा हिशेब म्हणूनच दिसतो त्याहून महाग पडतो.

गावात कोणाची फसवणूक झालीच, तर तो बहुधा प्रथम गुरुजींकडे किंवा शिकलेल्या पोराकडे येतो. तेव्हा सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब दूरध्वनी करावा. जितक्या लवकर कळवाल तितका बँकेतला पैसा थांबण्याचा संभव अधिक. टोकनाच्या करारनाम्याचा पत्ता, पैसा ज्या पत्त्यावर गेला तो पत्ता, आणि वहीतला व्यवहाराचा क्रमांक, या तिन्ही गोष्टी जपून ठेवाव्यात, पोलिसांना माग काढायला त्याच लागतात. त्या कागदावर हाताने उतरवू नका, मोबाइलवरच जशाच्या तशा नक्कल करून ठेवा. एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर पत्ता भलत्याचाच निघतो.